पोच

२०२०ची दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात कापसाची वेचणी सुरू होती. दिवसा घरं रिकामी असायची, म्हणून मी दिवेलागणीला निघालो. तोवर बाया वावरातून परतलेल्या असतात. काम साधं होतं. पोळ्याच्या आठवड्यात आम्ही गावातल्या पहिली ते चौथीच्या मुलांना घरोघरी जाऊन अभ्यासाच्या पिशव्या दिल्या होत्या. त्यातल्या पुस्तिका संपल्या असतील तर पुढचा भाग द्यायचा, एवढंच.

यादीतलं सतरा नंबरचं घर गावाच्या कडेला आहे. दुसरीतली मुलगी ओट्यावर धाकट्या भावाला खेळवत होती. "पुस्तिका संपली का गं?" असं विचारल्यावर ती काही बोलली नाही. तिने आत वळून आईला हाक मारली. आई हात पुसत बाहेर आली, माझं म्हणणं ऐकलं आणि परत आत गेली. पत्र्याच्या पेटीची कडी वाजली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आमची पिशवी होती. तोंडाला मारलेली स्टेपलची पिन तशीच होती. आतल्या पेन्सिलीला टोकही काढलेलं नव्हतं.

"हे घे बाबू, जशाची तशी हाये. एक बी पान मुडू नाही देल्लं."

मला काही कळेना. मग तिनेच सांगितलं. पोरगी रोज मागायची. पण आम्ही अंगठा घेतला होता, म्हणजे वस्तू सरकारी, आज ना उद्या वापस द्यावी लागणार. "खराब झाली त भरून कोन देईन, सांग बरं?" रेशनकार्ड, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक ज्या पेटीत असतं, त्याच पेटीत तिने ती तीन महिने जपली होती.

मी म्हटलं, "मावशी, ही परत द्यायची नव्हती. ही तिलाच दिली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग आंगठा कायले घेतला व्हता?"

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून पिशवीकडे पाहत होती. आज ही जाणार, असंच तिला वाटत असावं.

मी तेव्हा काहीतरी सारवासारव केली. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. अंगठा आमच्यासाठी घेतला होता.

*

ते दिवस तुम्हाला फार सांगायला नकोत, तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळा-कॉलेजात असतील. मार्च २०२०च्या मध्यात शाळा बंद झाल्या आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. मी नागपूरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. रेल्वे बंद व्हायच्या दोन दिवस आधी नरखेड स्टेशनावर उतरलो तो पुढे दीड वर्ष गावातच राहिलो.

राज्याचं घोषवाक्य होतं, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. २० जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' लागायची. बालभारतीची मोफत पुस्तकं शाळांपर्यंत पोचली. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ शिजवून ताटात वाढण्याऐवजी कोरडीच पालकांच्या हाती जाऊ लागली. म्हणजे कुणीच काही करत नव्हतं असं अजिबात नाही. एरवी चार भिंतींत चालणारी शाळा उचलून घराघरात नेण्याचा तो फार मोठा खटाटोप होता.

पण आमच्या गावात एका फोनमागे तीन-तीन मुलं होती आणि तो फोन दिवसभर बापाच्या खिशात, वावरात. रेंज हवी तर संत्र्याच्या बगिच्याच्या धुऱ्यावर जाऊन उभं राहायचं. टीव्ही होते, पण बरेचसे रिचार्ज संपलेले. म्हणून शाळेतले एक सर आणि कॉलेजातली आम्ही पाच पोरं, आम्ही ठरवलं की अभ्यास कागदावरच द्यायचा. सरांनी चोवीस पानांची पुस्तिका हाताने लिहून काढली. झेरॉक्सचे पैसे त्यांनी खिशातून घातले, पेन्सिली आणि खडूंचे आम्ही गोळा केले. ४६ मुलं, ४६ पिशव्या. प्रत्येक पिशवीत पुस्तिका, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर आणि रंगीत खडूंची डबी. तेव्हा जगभर हेच चाललं होतं. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयंसुद्धा दार बंद ठेवून उंबऱ्यावर मुलांसाठी अशाच पिशव्या भरून ठेवत होती. घरी न्या, घरी करा. आपण एकटे नाही, या विचाराने आम्हाला हुरूप आला होता.

आणि अर्थातच एक यादी होती. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, पालकाची सही किंवा अंगठा, शेरा. मास्क लावून, सहा फुटांवर उभं राहून आम्ही दोन संध्याकाळी सगळं गाव फिरलो. पिशवी ओट्यावर ठेवायची, मागे सरायचं, शाईचा पॅड पुढे करायचा, अंगठा झाला की सॅनिटायझर द्यायचं. एका घराला दीड मिनिट. भीती खरी होती. आमच्यापैकी एकाच्या घरी दम्याची आजी होती. गप्पा मारायला कुणालाच वेळ नव्हता आणि छातीही नव्हती.

दुसऱ्या रात्री मी यादीचा फोटो ग्रुपवर टाकला. सरांनी लिहिलं, '४६ पैकी ४६. शाब्बास पोरांनो.' त्या रात्री मला फार शांत झोप लागली. महिनोन् महिने नुसतं घरात बसून बातम्या बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं होतं की आपण काहीतरी केलं.

*

पैसे पाठवले, पार्सल पाठवलं की आपण म्हणतो, पोच द्या. म्हणजे मिळाल्याचं कळवा, लिहून द्या. आणि एखाद्याबद्दल 'त्याची तेवढी पोच नाही' असं म्हणतो, तेव्हा आपल्याला त्याची समज, त्याचा आवाका म्हणायचा असतो. एकच शब्द. आमच्याकडे ४६ घरांची पोच होती, पहिल्या अर्थाने. सतरा नंबरची गोष्ट मी मित्राला सांगितली तेव्हा त्याने हाच शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला. "अरे, त्या बाईची पोचच तेवढी आहे. तू काय डोक्याला ताप करून घेऊन राहिला?"

मला ते क्षणभर पटलं, हे कबूल करायला हवं. चूक तिची म्हटलं की विषय संपत होता. पण मग मी तिच्या जागी बसून हिशोब करून पाहिला.

गेल्या वर्षीची पुस्तकं नीट ठेवून शाळेत जमा करायची आणि ती खालच्या वर्गातल्या मुलांना द्यायची, ही पद्धत कितीतरी शाळांत आहे. पुस्तकपेढी म्हणतात तिला. पुस्तकावर लिहू नका, पानं दुमडू नका, पुढच्यालाही लागतील, हे गुरुजींनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं. मग त्याच शाळेतल्या सरांच्या नावाने आलेलं पुस्तक लिहून, रंगवून संपवायचं असतं, हे तिने कुठून ओळखायचं?

दुसरं, अंगठा. त्या बाईने आयुष्यात अंगठा कुठे-कुठे दिला असेल? रेशनच्या मशीनवर, बचत गटाच्या रजिस्टरवर, कर्जाच्या कागदावर. तिच्या अनुभवात अंगठा दिला की एक तर मोजून माप मिळतं, नाही तर पुढे हप्ते भरावे लागतात. नुसतंच काहीतरी मिळालं आणि मागे काही राहिलं नाही, असा अंगठा तिने बहुधा कधी दिलाच नव्हता. आणि जिची मोडतोड झाली तर भरपाई द्यावी लागेल अशी वस्तू गरीब माणूस पोराच्या हाती देत नाही. तिच्या सगळ्या हिशोबात एकही कच्चा दुवा नव्हता. जे माहीत होतं त्यावरून तिने अगदी बरोबर निष्कर्ष काढला होता. पोच कमी पडली होती ती आमची.

पल्स पोलिओची पद्धत आठवा. डोस मुलाच्या तोंडात पडतो आणि मग त्याच्या करंगळीवर शाईची खूण होते. खूण त्याच्याच अंगावर, ज्याला डोस मिळाला, आणि मिळाल्यानंतर. आमची शाई आईच्या अंगठ्याला लागली होती, मुलीपर्यंत काही पोचण्याच्या आधी. वस्तू कुणाच्या हातात गेली एवढीच नोंद आम्ही केली. ती कुणाची झाली, हे विचारलंच नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि माझं म्हणणं जवळपास तेवढंच आहे. वस्तू दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणं म्हणजे वाटप. देणं त्याच्या पुढचं. घेणाऱ्याला ती वस्तू वापरून संपवायचा, चुकीची वापरायचा, गरज पडली तर खराब करायचा हक्क मिळतो तेव्हा देणं पूर्ण होतं. तो हक्क नसेल तर वस्तू दिलेली नसते, सांभाळायला ठेवलेली असते. त्या आईला आम्ही तीन महिने बिनपगारी गोदामपाल केलं होतं.

*

मी हे सरांना सांगितलं. ते शांतपणे ऐकणारे आहेत. म्हणाले, "यादी नसती तर तू सतरा नंबरला गेला असता का?"

हा मुद्दा खोडता येत नाही. गावात तोंडी वाटप झालं की काय होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. चौकातल्या घरांना दोनदा मिळतं आणि कडेच्या वस्तीपर्यंत पिशवी येत नाही. यादी ही कडेच्या घराची ढाल असते. पैसे देणाऱ्यांना हिशोब दाखवावा लागतो, तेही बरोबर. तेव्हा नोंद नकोच, असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारतो की नोंद कुणाची जबाबदारी लिहिते. आमच्या यादीत घेणाऱ्याने कबूल करायचं होतं की मला मिळालं. देणाऱ्याने काहीच कबूल करायचं नव्हतं.

आणि ते यादीपुरतं नव्हतं. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाखाली 'पालकांची सही' अशी एक रेघ होती. शाळेच्या वहीत असते तशी, सवयीने आलेली. आता त्या रेघेचा अर्थ बघा. सही म्हणजे मी हे पाहिलं, करवून घेतलं. वाचता न येणाऱ्या, दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला आम्ही चोवीस वेळा लिहून द्यायला सांगत होतो की शाळेचं काम तिने केलं. शाळा बंद होती, सर हतबल होते, हे खरं. पण त्यामुळे शाळेचं काम आपोआप आईचं होत नाही. आम्ही मदत देतोय असं समजत होतो आणि त्याच पिशवीतून एक जबाबदारी घरात सरकवत होतो.

घरांनी ती झेपेल तशी उचललीही. सप्टेंबर २०२०मध्ये 'असर'ने ग्रामीण भारतात फोनवरून पाहणी केली. ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलांकडे त्यांच्या इयत्तेची पाठ्यपुस्तकं होती. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य आलं अशी मुलं साधारण एक तृतीयांशच होती, आणि ज्यांना आलं त्यातल्या बहुतेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर. सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरातून अभ्यासात काही ना काही मदत मिळत होती. ज्यांचे आईवडील पाचवीपर्यंतच किंवा त्याहूनही कमी शिकलेले, त्यांच्यातही निम्म्याहून जास्त मुलांना. हे वाचून मला आनंद होतो आणि लाजही वाटते. एवढ्या घरांनी हे केलं, याचा आनंद. ते त्यांच्यावर टाकलं गेलं आणि त्याची पोच कुणीच त्यांना दिली नाही, याची लाज.

मित्राचा मुद्दा वेगळा होता. ४६तलं एक घर. ४५ ठिकाणी तर काम झालं ना? म्हणून मी पुढच्या आठवड्यात सगळी घरं पुन्हा फिरलो. चित्र सरसकट वाईट नव्हतं. काही पुस्तिका नीट सोडवलेल्या होत्या. काही मोठ्या बहिणीने एका बैठकीत भरून टाकलेल्या, अक्षर इतकं सुंदर की लगेच कळावं. आणखी दोन घरांत पिशव्या जपून ठेवलेल्या सापडल्या. एका घरी चार वर्षांच्या पोराने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लाल खडू फिरवला होता, बेरजा-वजाबाक्या सगळ्यांवरून. त्याच्या आईने ती पुस्तिका माझ्यापुढे धरली तेव्हा ती घाबरलेली होती. मलाही आधी वाईट वाटलं, एवढ्या मेहनतीने लिहिलेली पुस्तिका. घरी परतताना उलगडलं की ४६ पुस्तिकांत जिच्या मालकीबद्दल कसलीच शंका नव्हती अशी ती एकच होती. त्या पोराला ठाऊक होतं की ही माझी.

*

या काळात महाराष्ट्रात इतरांनी काय केलं हे मी नंतर वाचत गेलो. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. अक्षरं, पाढे, व्याकरण, सगळं रस्त्यावर. पालघर जिल्ह्यात मोखाड्याच्या पाड्यांवर एका संस्थेने लाउडस्पीकरवरून पाठ ऐकवले आणि त्याला नाव दिलं 'बोलकी शाळा'. या दोन्हींत मला एक गोष्ट सारखी दिसली. भिंत पेटीत ठेवता येत नाही. आवाज परत करता येत नाही. तिथे अंगठा मागायचं कुणाला सुचलंही नसेल.

आणखी मागे गेलं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ भेटतात. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर चालणारा 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. जी मुलं गुरं राखायला जायची, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली, चरणाऱ्या गुरांच्या सोबतीनेच. शाळा घरी नेण्याचा विचार म्हणजे आपल्याकडे नवा नाही. पण त्यांची शाळा अंगणात गेली ती माणसासकट गेली. मूल काय करतंय, आई काय समजतेय, हे समोर बसून दिसत होतं. चुकलं तर त्याच दिवशी कळत होतं, तीन महिन्यांनी नाही.

आमच्या वेळी नेमकं माणूसच जाऊ शकत नव्हतं. माणूस हाच धोका होता. म्हणून मी स्वतःला फार दोषही देत नाही. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. ती पिशवी पेटीत जाईल हे मला ऑगस्टमध्ये कळणं शक्य नव्हतं, तेव्हा तो माझा दोष नाही. पण सहा फुटांवरून दोन वाक्यं बोलता येत होती. "ही पोरीची आहे. परत घेणार नाही." त्याला दहा सेकंद लागली असती. ती मी बोललो नाही, कारण माझं काम अंगठ्यापाशी संपत होतं. हे मी नाकारू शकत नाही. आणि ती दहा सेकंद कुठल्याही साथीने हिरावून घेतलेली नव्हती.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी एक सरळ हिशोब मांडला होता. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. तो हिशोब आज बराच बदललाय. बालभारतीचं पुस्तक मोफत मिळतं, सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. पण मोफत या शब्दात एक गोम राहून गेलीय. ज्या बाईने काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरलाय, तिलाच शाळेतून आलेली वस्तू परक्याची वाटते. सरकारी म्हणजे आपलं नसलेलं. ती पिशवी खरं तर सरकारचीही नव्हती, सरांच्या पगारातली होती. पण तिच्या लेखी कागद, शाळा, अंगठा आणि सरकार हे एकच घर होतं, आणि त्या घराचं आपण देणं लागतो, ते आपलं काही देणं लागत नाही, हे तिला कुणी न शिकवता कळलेलं होतं.

हे फक्त त्या बाईपुरतं नाही, पुस्तकावर लिहायला आपण सगळेच कचरतो. २०२३-२४ला दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग झाले आणि धड्यांनंतर 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं जोडली गेली. पुस्तकातच लिहा, दप्तराचं ओझं कमी करा, हा हेतू. पानांचा हवा तसा वापर होत नाही असं दिसल्यावर २०२५मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. कारणं बरीच असतील. पण माझ्या मनात सतरा नंबरची पेटी येते. कोरं पान दिलं म्हणून लिहायचा हक्क मिळाला असं होत नाही. तो हक्क कुणीतरी तोंडाने, समोर उभं राहून, नाव घेऊन द्यावा लागतो.

*

दुसऱ्या फेरीच्या पिशव्या आम्ही अर्ध्यात थांबवल्या. सर म्हणाले, यादी राहील, पण ती आपण भरायची, आपल्या सहीने. पालकांची सही ही रेघ पुस्तिकेतून काढली. आणि पहिल्या पानावर देणाऱ्याने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहायच्या ठरलं. मी लिहिलं होतं, 'ही पुस्तिका तुझ्या मालकीची आहे, परत करण्याची आवश्यकता नाही.' सरांनी ते खोडलं. "आवश्यकता? दुसरीतली पोर आहे ती, आठ महिने शाळा बघितली नाही तिने. जोडाक्षर नको." मग असं ठरलं:

'हे तुझं आहे. परत नको.'

खाली आमची सही.

सतरा नंबरला मीच गेलो. पिशवी ओट्यावर ठेवली, पिन आधीच काढली होती. मुलीला म्हटलं, वाच. तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. 'तुझं'पाशी ती थांबली, परत मागे गेली, परत वाचलं. मग आईकडे वळून मोठ्याने सांगितलं. आईने मला विचारलं, "आन् पयलेवाली?" तीही तिचीच, मी म्हटलं. मुलीने विचारलं, "पेन्सल बी?"

पेन्सिलसुद्धा.

मी तिला पेन दिला आणि नाव लिहायला सांगितलं, पेन्सिलने नाही, पेनाने. तिच्या आडनावात जोडाक्षर आहे, ते चुकलं. खोडता येईना म्हणून तिने वर गोल करून पुन्हा लिहिलं. आई म्हणाली, "पाह्य, खराब केलं ना." पण पुस्तिका काढून घेतली नाही.

याने सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. दुसरी लाट आली, आमच्याही गावातली माणसं गेली, पिशव्या मधेच थांबल्या. ती मुलगी पहिलीत असताना शाळा बंद झाली होती. पहिली ते चौथीच्या वर्गांची दारं गावाकडे १ डिसेंबर २०२१ला उघडली तेव्हा ती तिसरीत होती. मधल्या काळातलं काय राहिलं आणि काय गेलं, ते तिचं तिलाच माहीत. त्यातले तीन महिने तर पत्र्याच्या पेटीत गेले, आणि ते परत देण्यासारखी पिशवी कुणाकडेच नाही.

पहिल्या वाटपाची ती यादी अजून माझ्या फोनमध्ये आहे. मध्ये कधीतरी स्टोरेज भरलं म्हणून जुने फोटो पुसत होतो, तेव्हा समोर आली. सतरा नंबरपुढे जांभळा अंगठा, आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात एकच शब्द, 'प्राप्त'. तो फोटो मी पुसला नाही. त्या बाईचा प्रश्न त्याच रकान्यात बसतो, आणि मला तो अधूनमधून वाचावा लागतो.

आंगठा कायले घेतला व्हता?